जाहिरातीतली सातवी ओळ

माझी भाची नाशिकला एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात साडेतीन वर्षे काम करत आहे. गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्यातील लेखा विभागाच्या जागेसाठी अर्ज करायचे तिने ठरवले आणि आपला रेझ्युमे मला व्हॉट्सॲपवर पाठवला. फाइलचे नाव होते ‘रेझ्युमे फायनल नवा ३’. उघडून पाहिला, तर अगदी वर ध्येय लिहिलेले होते: ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीसाठी कौशल्यांचा उपयोग करणे.’ तळाशी वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ असे प्रतिज्ञापत्र. उंची आणि नाडी तेवढी जोडली असती, तर तोच कागद वधूवर सूचक मंडळातही चालला असता.

तिला हसण्याचा अधिकार मला नाही. २००९ साली मी स्वतः असाच एक कागद जवळजवळ चाळीस ठिकाणी पाठवला होता, आणि दोन ठिकाणांहून उत्तर आल्यावर उरलेल्या अडतीसांना माणसांची पारख नाही, असे घरी सांगत फिरले होते. माझे मत बदलले ते मी टेबलाच्या पलीकडे बसल्यावर. आमच्या विभागात एका साहाय्यकाची जागा निघाली आणि आलेले १४० अर्ज चाळण्याचे काम माझ्याकडे आले. दिवसभराचे काम संपवून संध्याकाळी ते वाचताना पहिल्या वीस-पंचवीस अर्जांनंतर माझ्या लक्षात आले, की मी आता वाचत नसून शोधते आहे. आम्हाला ज्या कामाची अडचण होती, ते काम कुणी केले आहे का, एवढेच माझे डोळे पाहत होते. ते दुसऱ्या पानावर असेल, तर ते मला दिसण्याची शक्यता फारच कमी होती. तीन अर्जांच्या पत्रात तर दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेले होते.

म्हणून भाचीला मी पहिल्यांदा रेझ्युमे बाजूला ठेवायला सांगितले आणि जाहिरात छापून घ्यायला लावली. तिच्यातल्या पहिल्या सहा ओळी कुठल्याही लेखा विभागाच्या जाहिरातीत सापडतील अशाच होत्या: वाणिज्य पदवी, टॅली, जीएसटी, टीडीएस, एक्सेल आणि ते ठरलेले संवादकौशल्य. सातवी ओळ मात्र वेगळी होती. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा हिशेब आणि सूक्ष्म व लघु पुरवठादारांची देणी सांभाळण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य, असे तिच्यात म्हटले होते. अशी ओळ कुणी हौसेने लिहीत नाही. तिच्यामागे बहुधा एखादे लेखापरीक्षण किंवा एखादी नोटीस असते.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. कारखाना आपले सुटे भाग लेपनासाठी किंवा यंत्रकामासाठी दुसऱ्या छोट्या कारखान्याकडे चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पाठवणीच्या कागदावर, पाठवतो, ते जॉबवर्क; तेव्हा त्या मालावर जीएसटी लागत नाही. पण कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे कायदा धरतो, आणि कर व्याजासह अंगावर येतो. म्हणजे प्रत्येक चलनाचा माग ठेवावा लागतो आणि आयटीसी-०४ हे विवरणपत्र त्यावरूनच भरावे लागते. दुसरी गोष्ट देण्यांची. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्याच वर्षी वजावटीस मिळतो. मार्चअखेरीस कुठल्या पुरवठादाराची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे आणि कुठल्याची नाही, हे शोधत बसलेला लेखा विभाग ज्याने पाहिला आहे, त्याला सातव्या ओळीचे वजन कळेल.

“पण मावशी, मी कारखान्यात कधी कामच केलेलं नाही,” भाची म्हणाली.

तेव्हा मी तिला तिच्या कार्यालयातल्या ग्राहकांची यादी करायला लावली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधले अकरा छोटे उद्योग तिच्याकडे होते, आणि त्यांतले चार पावडर कोटिंग किंवा लेथचे काम करणारे होते. म्हणजे मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे माल पाठवतात, नेमके तेच. ज्या चलनांचा हिशेब चाकणच्या कारखान्याला लागत नव्हता, त्यांची दुसरी बाजू ही मुलगी साडेतीन वर्षे दरमहा जुळवत होती. त्यांतल्या काहींची उद्यम नोंदणीही तिनेच केली होती, आणि थकलेल्या बिलांसाठी मोठ्या कंपन्यांना पाठवायची स्मरणपत्रेही तीच तयार करत असे. रेझ्युमेत या सगळ्याची नोंद एका ओळीत उरकलेली होती: ‘विविध ग्राहकांचे जीएसटी व प्राप्तिकरविषयक काम पाहिले.’

अर्ज अर्थातच इंग्रजीत होता, पण बदललेल्या ओळीचा आशय असा: ‘अकरा लघुउद्योगांची मासिक जीएसटी विवरणपत्रे, त्यांपैकी चार जॉबवर्क करणारे असून त्यांच्याकडे आलेल्या व परत गेलेल्या मालाचा मूळ कंपन्यांच्या चलनांशी दरमहा ताळमेळ.’ ही ओळ आम्ही पहिल्या पानावर, नावाच्या खाली लगेच येईल अशी आणली. ध्येय काढून टाकले. वडिलांचे नाव आणि छंदही गेले.

आणखी एक बदल दिसायला क्षुल्लक होता. जाहिरातीत ‘व्हेंडर रिकन्सिलिएशन’, म्हणजे पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ, असा शब्द होता, आणि भाचीने त्याच कामाला ‘पार्टी लेजर मॅचिंग’ म्हटले होते, कारण तिच्या कार्यालयात सगळे तसेच म्हणतात. काम एकच असले तरी मनुष्यबळ विभागातल्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही, आणि अर्ज आधी एखाद्या संगणकप्रणालीतून गाळले जात असतील, तर त्या प्रणालीने दोन्ही शब्द एकच मानावेत अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही जाहिरातीतला शब्द घेतला. अशा प्रणालींना दोन रकाने, तक्ते आणि चित्रे वाचताना अडचण येऊ शकते, म्हणून तिचा तो निळ्या पट्टीचा सुंदर नमुनाही सोडून दिला. त्याचे तिला अजून वाईट वाटते.

मात्र जाहिरातीतले शब्द उचलण्यालाही मर्यादा आहे. तिथे सॅपचे, म्हणजे मोठ्या कंपन्यांत हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीचे, ज्ञान मागितले होते. भाचीने यूट्यूबवर चार चित्रफिती पाहिल्या होत्या आणि त्या बळावर ‘सॅपची ओळख’ असे लिहिण्याचा तिचा विचार होता. मी तिला विचारले, एफबी६० म्हणजे काय? पुरवठादाराचे बिल नोंदवण्याचा तो पडदा असून सॅपवर काम करणारा लेखनिक तो दिवसातून पन्नास वेळा उघडतो. तिला उत्तर आले नाही, आणि मुलाखतीत हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत आला असता. शेवटी आम्ही ‘टॅली प्राइम’ एवढेच ठेवले.

पत्राचा पहिला मसुदा ‘वरील विषयास अनुसरून’ याच शाळेतल्या चालीवर होता आणि पुढे रेझ्युमेचीच उजळणी होती. माझ्या मते पत्राचे काम वेगळे आहे. रेझ्युमे वाचून समोरच्याच्या मनात जे प्रश्न उरतात, त्यांची उत्तरे पत्राने द्यावीत. इथे ते तीन होते. कारखान्याचा अनुभव नसताना ही मुलगी सातवी ओळ कशी सांभाळेल, सॅपचे काय, आणि नाशिकची मुलगी चाकणला खरोखर येईल का? पत्राच्या पहिल्याच वाक्यात तिने लिहिले, की आपण ज्यांना माल पाठवता, तशा चार उद्योगांची वही मी लिहिते. सॅप वापरलेले नाही, हे दुसऱ्या परिच्छेदात सरळ सांगितले. चाकणला राहायला येण्याची तयारी आणि एक महिन्याची नोटीस शेवटी. पाऊण पानात पत्र संपले.

या सगळ्याला दोन संध्याकाळी लागल्या, आणि चाळीस ठिकाणी हे करता येणार नाही हे उघड आहे. भाचीने आता एक मूळ फाइल केली आहे, जिच्यात तिने केलेले प्रत्येक काम आकड्यांसह नोंदवलेले आहे. ती फाइल कुणालाही पाठवायची नसते. जाहिरात आली की तीतून लागेल तेवढे वेचून घ्यायचे.

चाकणहून बोलावणे आले. लेखा विभागाच्या प्रमुखांनी चलनांवर अर्धा तास घेतला आणि सॅपचा प्रश्न, पत्रात उत्तर आधीच असल्यामुळे, विचारलाच नाही. दुसऱ्या फेरीचे अजून कळायचे आहे. मधल्या काळात तिने नाशिकच्याच एका सहकारी बँकेची जाहिरात पाठवली आहे. तीत जॉबवर्कचा उल्लेख कुठेच नाही, त्यामुळे ते चार उद्योग सध्या दुसऱ्या पानावर गेले आहेत आणि टीडीएसची विवरणपत्रे वर आली आहेत.