७८ अंशांवरची शिवण

मागच्या नोंदीनंतर हिमाचल प्रदेशातल्या स्पितीतील किब्बर आणि चिचम या गावांमधल्या खोल घळीचा नकाशा बराच पुढे सरकला आहे. मात्र त्यासाठी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, मला दोनदा पुसून काढाव्या लागल्या. ७८ अंश पूर्व रेखावृत्त या घळीच्या अगदी जवळून जात असल्यामुळे २००० सालच्या अवकाशयानातील रडार मोहिमेचा उंचीचा डेटा इथे दोन टाइल्समध्ये (एकेक अंशाच्या चौकोनी तुकड्यांत) विभागला जातो. ही अडचण मला नवी नव्हती. ७४ अंशांचे रेखावृत्त आमच्या सातारा शहरातूनच जाते आणि अजिंक्यताऱ्याचा सरावाचा नकाशाही मी दोन टाइल्स जोडूनच केला होता. फरक एवढाच, की साताऱ्याच्या दोन्ही टाइल्स यूटीएमच्या (नकाशासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीच्या) ४३व्या पट्ट्यात येतात, तर ७८ अंशांना पट्टाच बदलतो. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक प्रणालीत मी प्रत्येक टाइल आपापल्या पट्ट्यात बसवली आणि ४,१०० मीटरची रेषा सांध्यापाशी तुटली. आता टाइल्स आधी जोडून, ७८ अंश हेच मध्य रेखावृत्त धरून, ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एका पद्धतीत) एकदाच बसवल्या आहेत. ती रेषा आता सलग जाते.

घळीचा तळ हा मात्र खरा कठीण भाग आहे. या अक्षांशावर डेटाची एक चौकट, म्हणजे उंचीचा एकच आकडा असलेला सर्वांत लहान तुकडा, उत्तर-दक्षिण सुमारे ३१ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ मीटर भरते. उभ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या तळापर्यंत रडारचा तिरपा किरण नीट पोचत नाही आणि अशा रिकाम्या जागा आजूबाजूच्या उंचीवरून भरल्या जातात, त्यामुळे घळ उथळ व पसरट दिसते. अजिंक्यताऱ्याच्या तटाखालचा सरळसोट काळा कातळही माझ्या नकाशात सहज चढून जावे असा उतार झाला होता. तो कडा रोज डोळ्यांसमोर असल्यामुळेच ही चूक मला ओळखता आली.

म्हणून घळीच्या ओठांशी दर २० मीटर उंचीला काढलेल्या समोच्च रेषा थांबवून, उपग्रहचित्रावरून गिरवलेल्या काठावर कड्याच्या रेघा हाताने काढायच्या असे ठरवले आहे. शेजारच्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी त्या रेघा वर जाड आणि खाली निमुळत्या कशा सोडायच्या हे बोरूने काढून दाखवले. चिचमच्या बाजूचा काठ पूर्ण झाला आहे, किब्बरची बाजू निम्मी उरली आहे. तळाला उंचीचा आकडा मी घातलेला नाही.