चहात टाकायची गोळी

पिणाऱ्याला न सांगता चहातून दारू सोडवायची गोळी देता येते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. हा प्रश्न खान्देशात बहुतेक वेळा एखादी ताई नाहीतर म्हातारी माय विचारते, आवाज खाली आणून: "चहामा टाकीसन देवानी गोयी शे का? त्याले न कळता?"

अशी गोळी आहे. पण ती चहात टाकू नका. तीच गोळी त्याला सांगून, तपासण्या करून, रोज तुमच्यासमोर त्याच्याच हाताने घेतली, तर तिचा चांगला उपयोग होतो. लपवून दिली तर ती जिवावर बेतू शकते.

गोळीचं नाव डायसल्फिराम. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं अ‍ॅसिटेट. पहिलं विषारी, दुसरं निरुपद्रवी. डायसल्फिराम हा दुसरा टप्पा अडवतं. मग घोटभर दारूनेही दहा-वीस मिनिटांत तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे तो पीत नाही, गोळीचं काम तेवढंच आहे. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो. हृदय आधीच कमजोर असेल तर तो तिथेच जाऊ शकतो. वाचला, तर दारू नकली होती असं समजून दुसऱ्या दुकानात जातो. दवाखान्यात नेलंत तरी डॉक्टरला गोळीचा पत्ता नसतो. आणि घाबरून त्याने पिणं एकदम बंद केलं, तर पुढचा धोका वेगळाच, त्याबद्दल खाली लिहितो. 'न सांगता दारू सोडवा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. त्या घेऊच नका.

उघडपणे द्यायची तर पद्धत अशी. आधी यकृताची रक्ततपासणी आणि ईसीजी. शेवटच्या घोटानंतर किमान २४ तास गेलेले हवेत. मग साधारण २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, शक्यतो सकाळी, कारण सकाळी निश्चय घट्ट असतो. हृदयविकार, वेड्यासारखे भास होण्याचा आजार, गरोदरपण, बिघडलेलं यकृत यांत ती देत नाहीत. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो, म्हणून "काल घेतली नाही, आज चालेल" हा हिशेब चुकतो. घरातल्या इतर बाटल्याही पाहा: द्राक्षासव, दशमूलारिष्ट, काही टॉनिकं, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याची काही औषधं यांत अल्कोहोल असतं. जुलाबासाठी सर्रास मिळणारं मेट्रोनिडॅझोल या गोळीसोबत चालत नाही. हातपायांना मुंग्या आल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून डॉक्टरकडे जायचं.

आता तो वेगळा धोका. सकाळी हात थरथरतात आणि थोडी घेतल्याशिवाय चूळसुद्धा भरता येत नाही, अशा माणसाने दारू एका दिवसात, कसल्याही औषधाशिवाय सोडायची नाही. आपल्याकडे माळ घालतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शपथ घेतात, आणि त्या श्रद्धेचं बळ खरंच मोठं असतं. फक्त माळेच्या आधी आठवडाभराच्या औषधांची सोय करा. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेल्या माणसांशी बोलणं चालतं, पांघरुणावरून काहीतरी वेचत राहतात, बायकोला ओळखत नाहीत. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, आणि भगताकडे नेण्यात ते दोन दिवस जातात. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणसं मरतात. ताप, फिट, रक्ताची उलटी, कावीळ, पूर्वी कधी असा भ्रम, यातलं काहीही असलं तर थेट दवाखान्यात भरती.

उपचार सरळ आहे आणि स्वस्तही. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन रोज कमी करत पाच ते दहा दिवसांत बंद करतात. यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपॅम. त्या दिवसांत वर दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणि या गोळ्या दहा दिवसांपुढे मेडिकलवरून आणत राहू नका, त्यांचीही सवय लागते.

एक गोष्ट गावातल्या दवाखान्यात हमखास राहून जाते, म्हणून जोर देऊन सांगतो. पिणाऱ्याला अशक्तपणा आला की 'सलाईन' लावतात आणि त्यात बऱ्याचदा ग्लुकोज असतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, उरलेलं नसतं. साखर जाळायला थायमिन लागतं. आधी थायमिनचं इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिन संपून मेंदूला इजा होऊ शकते: डोळे नीट फिरत नाहीत, चाल झोकांडते, गोंधळ होतो, पुढे स्मरणशक्ती कायमची जाते. तेव्हा "डॉक्टर, आधी थायमिन दिलं का?" एवढं विचारा. ताई, हे विचारताना संकोच करू नका.

त्यानंतरच्या महिन्यांसाठी डायसल्फिरामखेरीज आणखी दोन औषधं आहेत आणि बऱ्याच जणांसाठी तीच जास्त योग्य ठरतात. नाल्ट्रेक्सोन, रोज ५० मिलिग्रॅम, जेवणानंतर: दारूतून मिळणारी मजा आणि 'अजून एक' ही ओढ कमी करतं. यावर दारू प्यायली तरी डायसल्फिरामसारखी रिअ‍ॅक्शन येत नाही. सुरुवातीला मळमळते, म्हणून पहिले दिवस अर्धी गोळी देतात. दुसरं अ‍ॅकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. वजन ६० किलोंपेक्षा कमी असेल तर बहुधा दिवसाला चारच. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे यकृत बिघडलेल्यालाही देता येतं, पण मूत्रपिंडासाठीची क्रिअ‍ॅटिनिन ही रक्ततपासणी करूनच. जलोदर, म्हणजे पोटात पाणी, झालेल्यांना काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात.

नाल्ट्रेक्सोन लिहून घेण्याआधी डॉक्टरला एक गोष्ट लपवू नका: अफू, डोडा (अफूच्या बोंडांची टरफलं), कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलच्या कॅप्सूल, यातलं काही चालू आहे का? असेल तर शेवटच्या मात्रेनंतर ७ ते १० दिवस थांबावं लागतं. घाई केली तर पहिल्याच गोळीने अंग मोडून काढणारा त्रास एकदम सुरू होतो. कंबरदुखीसाठी ट्रामाडोल घेणाऱ्यांना तो नशेचा प्रकार आहे हे माहीतच नसतं, आणि २०१८ पासून तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नाल्ट्रेक्सोन चालू असताना अपघात झाला तर अफूवर्गीय वेदनाशामक लागू पडत नाहीत, म्हणून खिशात तशी चिठ्ठी ठेवायची.

अफूबद्दल थोडं वेगळं लिहावं लागेल. मंदसौर-नीमचचा परवान्याचा अफूपट्टा आपल्यापासून फार लांब नाही आणि मुंबई-आग्रा रस्ता धुळे-शिरपूरमधून जातो. रात्रभर गाडी हाकणाऱ्यांत डोडा नवा नाही. अफू सोडताना जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पोटात मुरडा हे सगळं होतं. दारूच्या मानाने यात मरण क्वचित येतं. खरा धोका नंतर असतो. पंधरा दिवस सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पुन्हा जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, ओठ निळे, श्वास मंद दिसला तर १०८ लावा. यावर नॅलॉक्सोनचं इंजेक्शन असतं.

म्हणूनच अफूवर्गीय नशेत नुसतं 'सोडवणं' पुरत नाही आणि बुप्रेनॉर्फिन महिनोन् महिने देतात. "मग हीसुद्धा नशाच ना?" हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. बुप्रेनॉर्फिन ही कुलपात अर्धीच फिरणारी किल्ली आहे: ओढ थांबते, त्रास थांबतो, पण एका मर्यादेपुढे मात्रा वाढवूनही नशा वाढत नाही, आणि जागा अडवून ठेवल्यामुळे वरून अफू घेतली तरी फारशी चढत नाही. माणूस कामावर जातो, पगार घरी येतो. पहिली गोळी अफू सुटल्याचा त्रास सुरू झाल्यावरच, साधारण शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी, २ ते ४ मिलिग्रॅमपासून. ती जिभेखाली ठेवून पाच-दहा मिनिटं पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर वाया जाते. बोलू नये, पाणी पिऊ नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत नकोत. हे औषध मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा सरकारमान्य केंद्रातूनच घ्यायचं. पोलिसांची भीती वाटत असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याचं कलम ६४अ माहीत असू द्या: वैयक्तिक सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट मिळू शकते.

आता गोळीइतकंच महत्त्वाचं ते बोलणं. समुपदेशन म्हणजे 'दारू वाईट' हे ऐकवणं असा समज आहे. ते त्याला तुमच्याआधीपासून माहीत आहे. चांगला समुपदेशक त्याच्यासोबत बसून शेवटच्या वेळची साखळी उलगडतो. समजा रावेरकडचा केळीवाला. सकाळी घड कापले, दुपारी गाडी भरली, व्यापाऱ्याने रोख दिले, पोटात काही नाही, ट्रॅक्टरवर मित्र, वाटेत देशीचं दुकान. प्यायचं ठरलं ते दुकानापाशी वाटतं. खरं तर रोख खिशात आले आणि पोट रिकामं होतं तिथेच ठरलं होतं. म्हणून साखळी तोडायची तीही तिथेच: पैसे खात्यावर घ्यायचे, कापणीच्या दिवशी दुपारचा डबा चुकवायचा नाही, परतताना भावाला सोबत घ्यायचं. ओढ साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा उपाय आधी ठरलेला हवा.

हिवाळ्यातली भरीत पार्टी हा आपल्याकडचा सर्वांत अवघड प्रसंग. शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जात असतात, कळण्याची भाकरी आहे, आणि बांधावर बाटली उघडलेली असते. पहिल्या हिवाळ्यात जाऊच नये, असं माझं मत आहे. जावंच लागलं तर जेवून जा, अंधाराआधी निघा, आणि नकाराचं वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहा: "नको भाऊ, गोयी चालू शे, पिसू ते दवाखानामा नेनं पडी" (गोळी चालू आहे, प्यायलो तर दवाखान्यात न्यावं लागेल). उघडपणे घेतलेल्या गोळीचा हा मोठा फायदा आहे, चारचौघांत मान न गमावता नाही म्हणता येतं. चहातली गोळी हे कधीच देऊ शकत नाही.

आणि तो अजून तयारच नसेल तर? तरी तुमच्या हातात बरंच आहे. प्यायलेला असताना वाद घालू नका, सकाळी शुद्धीत असताना दोन वाक्यांत बोला. त्याच्या वतीने मुकादमाला खोटं सांगू नका, उधारी फेडू नका. न पिता घरी आला त्या संध्याकाळी टोमणा नको, त्याच्या आवडीचं जेवण करा, शेजारी बसा. तयारी एकदम येते आणि काही तासच टिकते, म्हणून धुळे किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या नाहीतर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार आधीच विचारून ठेवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. मारहाण होत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता: ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन). बांधून, मारून व्यसन सोडवू म्हणणाऱ्या केंद्रात नेऊ नका, ते बेकायदेशीर आहे.

पहिल्या भेटीला जाताना काय, किती, कधीपासून हे मापात सांगा. १८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलेलं असलं तर आत सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, डॉक्टर त्यावरून मात्रा ठरवतात. मोहाची किंवा हातभट्टीची असेल तर बाटल्यांत मोजून सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्या.

गोळी किती दिवस? दारूसाठी बहुधा सहा महिने ते वर्ष, बुप्रेनॉर्फिन त्याहून जास्त, आणि बंद करायची ती डॉक्टरसोबत ठरवून, हळूहळू. मधे एकदा पाय घसरला तर: नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट चालूच ठेवा. डायसल्फिरामवर प्यायला असेल तर पुढची गोळी देऊ नका, थेट दवाखाना. बुप्रेनॉर्फिन काही दिवस चुकलं आणि मधे अफू घेतली असेल, तर घरी स्वतःहून पुन्हा सुरू करू नका, केंद्रात जाऊन खरं सांगा. पुढची तारीख मात्र चुकवू नका, घसरला असला तरी त्याला घेऊन या.