रायटर मिळाला, कागद मिळेना

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात आलं की विद्यापीठाच्या परीक्षेला रायटर, म्हणजे आपण सांगू ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा माणूस, मिळणारच, असं मी धरून चाललो होतो. कार्ड पिवळं, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर, आणि प्रकार 'अल्पदृष्टी'. कॉलेजच्या परीक्षा विभागाने अर्ज घेतला, कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली आणि पेपरला चार दिवस उरले असताना अर्ज परत हातात दिला. कारण काय, तर "परिशिष्ट १ जोडलेलं नाही." अर्ज घेतला त्याच दिवशी हे सांगायला काय जात होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी या फेऱ्या मारल्या तेव्हाचा नियम असा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले अशा तीन गटांना मागितला की रायटर द्यायचा, वेगळा दाखला मागायचा नाही. बाकीच्यांनी लिहिण्यात अडचण असल्याचा दाखला आणायचा, त्याचा छापील नमुना म्हणजेच परिशिष्ट १. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी हे दोन वेगळे प्रकार धरलेत, त्यामुळे अल्पदृष्टीवाले या 'बाकीच्यां'त जातात. तेव्हा कार्ड आलं की आधी त्यावरचा प्रकार वाचा, टक्के मागाहून.

आता दवाखाना. जिल्ह्याच्या ठिकाणी खिडकीवर पहिलं उत्तर मिळतं, "दिव्यांग प्रमाणपत्र आहे ना, मग परत कशाला?" हे दोन कागद वेगळे आहेत, हे तिथेच उभं राहून समजावून सांगावं लागतं. प्रमाणपत्र टक्के सांगतं. परिशिष्ट १ सांगतं की या दिव्यांगत्वामुळे उमेदवाराच्या लिहिण्यावर मर्यादा येते. पुढे डॉक्टर विचारतात, "त्रास डोळ्यांना आहे, हाताला काय झालंय?" यावर वाद घालू नका. कोरा नमुना आणि सूचनांचं ते पान दोन्ही छापून न्या, संबंधित ओळीखाली पेनाने रेघ मारा आणि समोर ठेवा. नमुना दवाखान्यात मिळेल या भरवशावर गेलात तर एक फेरी फुकट गेलीच समजा.

नमुन्यात प्रकार आणि टक्के लिहायची जागा आहे. तिथे कार्डावर जे आहे तेच उतरवून घ्या. डॉक्टरांनी नवी तपासणी करून वेगळा आकडा टाकला की परीक्षा केंद्रावर "हे दोन कागद जुळत नाहीत" म्हणून अडवतात. तळाच्या टिपेप्रमाणे दाखला संबंधित तज्ज्ञाचा हवा, म्हणजे आपल्यासाठी नेत्रतज्ज्ञ. सही-शिक्का जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही.

'किंवा' हा शब्द मी पहिल्या वेळी वाचलाच नाही. त्यापायी जिल्ह्याला दोन हेलपाटे झाले. एकदा नेत्रतज्ज्ञ नव्हते, एकदा "साहेब मिटिंगमा गयात". शेवटी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारून गेलो, तर दुपारच्या आत काम झालं. धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून नंदुरबारला येणाऱ्यांनी तर हे आधीच विचारून घ्यावं. तिथून एक फेरी म्हणजे अख्खा दिवस.

टक्के ४० पेक्षा कमी असतील तर खिडकीवरून माघारी फिरू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं की रायटर फक्त ४० टक्क्यांवरच्यांपुरता नाही, आणि १० ऑगस्ट २०२२ ला त्यासाठी वेगळ्या सूचना निघाल्या. त्यांचा नमुना वेगळा आहे, परिशिष्ट १ नेऊ नका. सूचना बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक परीक्षा विभागाकडे मागाच.

रायटर आपला आपण आणणार असाल तर २०१८ च्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी कमी हवं. संस्थेने दिलेला रायटर किमान दहावी झालेला असावा, ही ओळ निराळी. कारकून दोन्ही ओळी एकत्र करून "दहावीचाच आणा" म्हणतात. एक पायरी म्हणजे नेमका कोणता वर्ग, ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

नावं दोघांची तयार ठेवा. हिवाळी सत्राची परीक्षा आणि कापूस वेचणी एकाच वेळी येतात. शेतकऱ्याघरचा मुलगा कितीही कबूल झाला तरी मजूर मिळाले नाहीत की त्याला शेतात जावंच लागतं. उन्हाळी सत्रात लग्नं असतात. ऐनवेळी रायटर बदलायची मुभा सूचनांत आहे, पण दुसऱ्याचे फोटो आणि ओळखपत्र तयार नसतील तर ती मुभा कागदावरच राहते.

२०१८ च्या सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं: तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. रायटर न घेता स्वतः लिहिलं तरी ४० टक्क्यांवरच्यांना हा वेळ मिळतो. पर्यवेक्षकाला हे पेपर सुरू होण्याआधी सांगा. मूळ वेळ संपल्यावर सांगितलं तर तो आधी उत्तरपत्रिका ओढतो आणि मग केंद्रप्रमुखांना शोधायला जातो. खोली तळमजल्यावरची मागा, आणि वेगळ्या खोलीत बसलात तरी हजेरीपटावर सही झाली का ते पाहा.

अभ्यासाचं एक राहिलंच. नोट्सची पीडीएफ श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल तर एनव्हीडीए (संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गडबडगुंडा वाचतं. सरांकडे युनिकोडमधली वर्ड फाइल मागा. स्कॅन केलेली पानं गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली तर मजकूर वाचता येतो, पण जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात आणि तक्त्यांचा पार चुराडा होतो.

पुढच्या सत्राला त्याच खिडकीने परिशिष्ट १ पुन्हा मागितलं. मूळ प्रत मी माझ्याकडेच ठेवली होती. झेरॉक्स दिली, आणि माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख पडेपर्यंत तिथून हललो नाही.