लेकीचा आमच्याशिवाय पहिला परदेश प्रवास

माझी एकोणीस वर्षांची लेक डिसेंबरात तीन मैत्रिणींसह पाच दिवसांसाठी सिंगापूरला जाणार आहे आणि चौघींपैकी कोणाचेही आईवडील सोबत नसतील. तयारी पासपोर्टपासून सुरू झाली, कारण अज्ञान वयात काढलेल्या तिच्या पासपोर्टची मुदत संपली होती आणि नव्याची मुदत प्रवेशाच्या वेळी किमान 6 महिने शिल्लक असावी लागते. व्हिसाचा अर्ज आणि आगमनापूर्वीच्या 3 दिवसांत ऑनलाइन भरायचे आगमनपत्र हे काम मुलींनी स्वतःकडे घेतले आहे.

सर्वांत जास्त वेळ आम्ही तिथल्या कायद्यांवर बोललो. सिंगापुरात ई-सिगारेट जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे आणि अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंडाची तरतूद आहे. त्यामुळे विमानतळावर कोणी कितीही गोड बोलून एखादे पाकीट पोहोचवायला दिले तरी ते घ्यायचे नाही आणि आपली बॅग आपणच भरायची, हे मी तिला दोनदा सांगितले. तिने न चिडता ऐकून घेतले, याचे मला फार बरे वाटले.

रोज रात्री तिथले साडेदहा, म्हणजे आपले आठ वाजता, खुशालीचा एक संदेश यावा, एवढेच ठरले आहे. तिच्या बाबांना ते कमी वाटते. मला पुरेसे वाटते. पोलिसांचा 999 आणि रुग्णवाहिकेचा 995 हे क्रमांक चौघींनी कागदावर लिहून घेतले आहेत, कारण फोनची बॅटरी संपू शकते.