उतरलेला मध्यम

सोलापुरात एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता सतारीचा मध्यम, म्हणजे ‘म’, जागेवर सापडला, तर समजावे की घरात कोणीतरी सकाळपासून पडदे ओढून ठेवले आहेत. खिडकीचे पडदे, सतारीच्या दांडीवरचे धातूचे नव्हेत. एरवी सकाळी मध्यमात लावलेली बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य, तार दुपारपर्यंत खाली येतेच. पारा चाळिशी ओलांडतो, पोलाद तापून पसरते, ताण कमी होतो. तार असून असून किती जाड, तर सुमारे 0.30 मिलिमीटर! जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे उलटे होते, थंडीने तार आखडते आणि स्वर चढून बसतो.

ही चोरी तरफा पकडतात. पडद्यांखालच्या त्या अकरा-तेरा तारा. वर गंधार (ग) वाजला की खालची गंधाराची तरफ आपणहून बोलते. ती गप्प बसली, तर दोघींपैकी एक उतरलेली आहे.

मग लावायला बसावे. तंबोऱ्याच्या षड्जाशी (सा) आधी बाजेशेजारची जोडाची तार, मग बाजाचा मध्यम, मग कडेच्या चिकारीच्या तारा, आणि तरफा सर्वांत शेवटी. तरफा झाल्या की बाज पुन्हा तपासायची, कारण एवढ्या तारांचा ताण तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पडला की आधी लावलेलेही किंचित हलते. केसभर फरकासाठी खुंटी पिळू नये. घोडीच्या (तारा टेकतात ती पट्टी) खालच्या अंगाचा मणका लंगोटाकडे, तारा अडकवतात त्या टोकाकडे, सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. कोरड्या हवेत खुंटी आक्रसून सटकू लागली तर तिला खडू लावावा. आणि कूलर हा माणसांसाठी असतो, सतारीसाठी नाही. त्या ओल्या झोतात खुंट्या फुगून अडकतात, तारांना गंज धरतो, आणि गंजक्या तारेवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, खरखरत जाते. जेवणातली शेंगाचटणी बोटाला राहिली असेल तर तीही धुऊन यावे. बोट सरकायला तेल लागते हे खरे, पण ते डबीतल्या कापसावरचे खोबरेल, चटणीचे नव्हे!

एवढे झाल्यावर तिसऱ्या प्रहरी वाजवायचे काय? राग भीमपलासी. नावातल्या भीमाचे आपल्या भीमा नदीशी नाते जोडायचा मोह सोलापूरकराला होतो, तो आवरावा. सतारीचे नाते मात्र पक्के आहे. तिचा तुंबा म्हणजे कडू भोपळा, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून असे भोपळे मिरजेला जातात. म्हातारीला लेकीकडून घरी आणणारा भोपळा गोष्टीतला. हा मिरजेला जातो आणि सतार होऊन परत येतो. मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन त्यांचे, भोपळा आमचा.

भीमपलासीची सगळी गंमत कोमल गंधारात आहे. तो पडद्यावर नुसता दाबून वाजवला तर भीमपलासी होत नाही. त्याला मध्यमातून उतरावे लागते. बोट गंधाराच्या पडद्यावर ठेवायचे, न वाजवता तार मध्यमापर्यंत ओढायची, तिथे नखीचा (बोटात घालायच्या तारेच्या अंगठीचा) ‘दा’ द्यायचा आणि हात सावकाश सैल सोडायचा. चूक हमखास ओढण्यात होते. आवाज नसताना मध्यम नेमका कुठे आहे ते बोटालाच ठाऊक असावे लागते. म्हणून आधी मध्यम त्याच्या स्वतःच्या पडद्यावर वाजवून कानात घ्यावा, मग गंधारावरून ओढून तोच मिळतो का ते पाहावे. असे वीस-पंचवीस वेळा, लय न वाढवता. दुसरी चूक उतरताना होते: गंधार आला की हात थबकत नाही, गडबडीत रिषभाकडे (रे) धावतो. रिषभ-धैवत (रे-ध) या रागात फक्त उतरतानाच भेटतात, तेव्हा त्यांना घाई नसते, आपल्यालाच असते. शहराच्या पूर्वभागातले यंत्रमाग बाहेर खटखटत असतील तर हात नकळत त्यांच्या लयीत जातो, तेवढे सांभाळावे.

पुढे मुलतानी राग घ्यायचा विचार असेल तर पदर खोचूनच बसावे. रिषभ-धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद (नि) शुद्ध. म्हणजे षड्ज, पंचम (प) आणि गंधार सोडून सगळ्या तरफा बदलायच्या, वर पडदेही सरकवायचे. आळशी माणसाने पटदीप घ्यावा, नुसत्या निषादाच्या तरफा चढवल्या की झाले. त्याहून आळशी माणसाने रात्रीपर्यंत थांबून बागेश्री घ्यावी. स्वर तेच, गंधार-निषाद कोमल, एकही तरफ हलवायला नको. फक्त पंचमाकडे जपून जायचे आणि चढताना धैवताला घरात घ्यायचे.

सोय चोख आहे. एवढेच की रात्री दहापर्यंत हवा उतरते, आणि दुपारी जीव लावून खालून वर आणलेल्या सगळ्या तारा आता चढलेल्या असतात.