गाडी ७२ टक्के चार्ज होती तरी उघडेना

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, ताई, मी इलेक्ट्रिक गाडी बुक करतेय, तिला सर्व्हिसिंगचं काही टेन्शनच नसतं ना? जेवणाच्या सुट्टीत तिला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण निम्मं राहून गेलं, म्हणून इथे नीट लिहितेय. आमच्या गाडीला आता साडेतीन वर्षं होतील, ४६ हजार किलोमीटर झालेत, रोजचं बडोद्यात दांडिया बाजार ते मकरपुरा, महिन्यातून एकदोनदा एक्सप्रेसवेने अहमदाबाद आणि वर्षातून दोनदा पुणे. म्हणजे गाडी चांगली वापरलीय, नुसती उभी नाही ठेवलेली.

एक खरंय की पेट्रोल गाडीतलं खूप काही यात नसतंच. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं बिल बघितलं तर निम्म्याहून जास्त ओळी याच असायच्या, त्यामुळे लोकांना वाटतं की आता काही उरलंच नाही. पण जे उरतं ते गप्प असतं, आवाज करत नाही, थरथरत नाही, आणि म्हणूनच ते बघायला कुणीतरी लागतं. तो कुणीतरी डीलरच असावा का, तर माझं उत्तर आहे काही गोष्टींसाठी नक्की, आणि काही गोष्टी त्यांच्यावर सोडूनच देऊ नका.

गेल्या जानेवारीतलं सांगते. सासऱ्यांचं, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सकाळी सातला पोचायचं होतं. पावणेसातला खाली आलो, रिमोट दाबला तर काहीच नाही. परत दाबला, नाही. रात्री मोबाइलवर चार्ज बघितला होता, ७२ टक्के. रिमोटच्या आत जी बारकी किल्ली असते ती काढून दार उघडलं, आत सगळा काळोख, स्क्रीन नाही, लाइट नाही, काही नाही. आप्पा शाल गुंडाळून पायरीवर उभे, आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, आणि मी बटण दाबतेय. शेवटी नवऱ्याने रिक्षा आणली आणि ते दोघं गेले.

झालं होतं असं की १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेली होती. हो, इलेक्ट्रिक गाडीत ती पण असते, बहुतेक गाड्यांत साधी लेड अॅसिडची, पेट्रोल गाडीत असते तशीच. लॉक, लाइट, स्क्रीन, सगळे कंप्युटर तिच्यावर चालतात आणि मुख्य म्हणजे खालच्या मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे जे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, असतात ते हिच्याच जिवावर ओढले जातात. ही गेली की मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी उपयोग नाही, टाकी भरलीय पण नळच उघडत नाही अशी गत. आणि पेट्रोल गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ मारताना कळतं, इंजिन जड फिरतं, आपण म्हणतो बॅटरी बदलायला झाली वाटतं. इथे सेल्फच नाही त्यामुळे सहसा काही इशारा मिळत नाही, आज चालते आणि उद्या चालत नाही. तीन ते पाच वर्षं तिचं आयुष्य, आमची तीनच्या थोडी पुढे होती, म्हणजे वयाने गेली, तिला दोष नाही.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बरोबर सोळा दिवस आधी सर्व्हिस झाली होती. डीलरच्या चेकशीटवर १२ व्होल्ट बॅटरीसमोर हिरवी टिकमार्क होती, पुढे लिहिलेलं १४.१. मी तो कागद आमच्या मेकॅनिकला दाखवला, मकरपुऱ्यात जीआयडीसीच्या बाजूला त्यांचं छोटं गॅरेज आहे, आमच्या दोन जुन्या गाड्या त्यांनीच सांभाळल्या. त्यांनी आकडा बघितला आणि लगेच म्हणाले, बेन, आ तो गाडी चालू राखीने माप्युं छे, म्हणजे हे गाडी चालू ठेवून मोजलंय. गाडी चालू असते तेव्हा मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर छोटीला चार्ज करत असतो, तेव्हा मीटर लावला तर तो कन्व्हर्टरचे व्होल्ट दाखवणार, बॅटरीचे नाही. गाडी बंद करून दोनचार तास थांबून मोजलं तर भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि खरी तब्येत कळते लोड टेस्टने, म्हणजे बॅटरीवर भार टाकून मोजल्याने, त्याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत. नवी बॅटरी त्यांनी दुपारी बसवून दिली आणि वर स्केच पेनने तारीख लिहिली, ती आता बॉनेट उघडलं की समोर दिसते.

त्या सर्व्हिसचं बिल ७ हजार ८०० च्या घरात होतं. घरी येऊन एकेक ओळ वाचली. केबिन फिल्टर, लेबर, व्हील बॅलन्सिंग ठीक. बाकी एसीचं डिसइन्फेक्शन, आतलं क्लीनिंग, खालचं कोटिंग, बॉडीवरचं पॉलिश, असं मिळून निम्म्याच्या वर. यातलं एकही कंपनीच्या सर्व्हिस बुकात नाही, मी पान उघडून बघितलं. तेव्हापासून गाडी देताना जॉबकार्डवर सही करायच्या आधी मी बुकातलं ते पान मोबाइलवर उघडून समोर ठेवते आणि म्हणते एवढंच करा. दरवेळी ते मान्य करतात, भांडण होत नाही. फक्त आधी सांगावं लागतं, गाडी आत गेल्यावर नाही.

पण डीलरला मी सोडलेलं नाहीये आणि सोडणारही नाही. बॉनेटखाली ज्या केशरी रंगाच्या जाड केबल दिसतात ना, ते हाय व्होल्टेज, तिथे आपण किंवा आपल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने हात घालायचा नाही म्हणजे नाही. त्यासाठी आधी सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा प्लग, काढून ठरलेला वेळ थांबावं लागतं, इन्सुलेटेड हातमोजे लागतात, ट्रेनिंग लागतं. आमचे मकरपुऱ्याचे भाईच सांगतात, केशरीला मी शिवणार नाही, आणि हे सांगतात म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे. कूलंटचंही तसंच, बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीभोवती फिरणारं कूलंट खास कमी वीजवाहक असतं, त्यात नळाचं पाणी किंवा दुकानातलं हिरवं कूलंट ओतायचं नाही, पातळी कमी दिसली तर डीलरकडेच जायचं आणि कमी का झाली ते विचारायचं. सॉफ्टवेअरही त्यांच्याचकडे. मागच्या उन्हाळ्यात फास्ट चार्जरवर चार्जिंग मध्येच तुटायचं, त्यांनी अपडेट टाकला आणि बंद झालं, त्याचे पैसेही घेतले नाहीत, हे पण लिहायला हवं.

आणि मोठ्या बॅटरीचा रिपोर्ट. एसओएच म्हणतात, नवी असताना जेवढी क्षमता होती त्यातली आता किती उरलीय ते. तो मागितल्याशिवाय देत नाहीत. मी दर वर्षी मागते आणि फाइलला लावते, कारण आमच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे आणि उद्या काही झालं तर हातात कागद हवा. आमची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आहे, त्यात व्होल्टेज बराच वेळ एकसारखंच राहतं त्यामुळे गाडीला टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो, म्हणून मधूनमधून घरच्या स्लो चार्जरवर शंभरपर्यंत भरायची म्हणजे हिशोब परत जुळतो. हे घरीच होतं, याला कुणाची गरज नाही.

आता ब्रेक, कारण याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि वीज परत बॅटरीत जाते (यालाच रीजेन म्हणतात), त्यामुळे खरे ब्रेक फार कमी लागतात. सगळे सांगतात पॅड खूप टिकतात, ते खरंच आहे. पण न वापरलेला ब्रेक अडकतो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी जरा ओढल्यासारखी वाटायला लागली, रेंज थोडी कमी, मला वाटलं एसीमुळे असेल. भाईंनी मला आठ-दहा किलोमीटर चालवून आणायला सांगितलं, आल्यावर म्हणाले, बेन, चारे रिम पर हाथ फेरवो. तीन रिम कोमट आणि पुढचं डावं एवढं गरम की बोट ठेववेना. चाक काढलं, कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन हाताने ओढून बघितली तर हलेना, पान्याने ठोकून बाहेर काढली. त्यावरचं ग्रीस सुकून काळ्या डिंकासारखं झालेलं, आणि एका बाजूला तांबूस गंजाचा पट्टा. पिन मोकळी सरकत नव्हती म्हणून पॅड डिस्कला घासत राहायचं, आम्ही बॅटरीतली वीज ब्रेक गरम करण्यात घालवत होतो. पॅड मात्र जवळजवळ नवं. साफ केलं, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, चारही चाकांचं केलं, सगळे मिळून बाराशे रुपये. गाडी पहिल्यासारखी सुटी झाली, ती फिरताना लगेच कळलं. आता दर पावसाळ्यानंतर हे करायचं ठरलंय, आणि रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना रीजेन शून्यावर ठेवून मी पाचसहा वेळा नीट ब्रेक मारते म्हणजे डिस्कवरचा गंज घासून निघतो.

ब्रेक फ्लुइडला तर इलेक्ट्रिक आणि पेट्रोल कळतच नाही. ते हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ या प्रकारचं फ्लुइड नवं असताना त्याचं उकळायचं किमान तापमान २३० अंश असतं ते ओलावा शिरल्यावर १५५ पर्यंत येतं. आमच्या बुकात दोन वर्षांनी बदला असं आहे, आम्ही बदललं. पॅड नवे दिसतात म्हणून फ्लुइड विसरू नका.

टायरचं थोडक्यात. गाडी जड आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात, दहा हजाराला अदलाबदल करायचीच. आणि नवे घेताना फक्त साइज बघू नका. आमच्या टायरवर २१५/६० आर १६ ९५ एच लिहिलंय, त्यातला ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो झेपतं. अलकापुरीत एका दुकानात तीच साइज पण कमी लोडचा टायर स्वस्तात दाखवत होते, मी घेतला नाही.

पुराचं सांगितल्याशिवाय बडोद्याच्या माणसाचं लिखाण कसं संपणार. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच गाडी उंचावर नेऊन लावली होती, पण समोरच्या काकांची इलेक्ट्रिक गाडी रात्रभर सीटपर्यंत पाण्यात होती. लोक म्हणतात आयपी ६७ आहे, काही होत नाही. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तीही बॅटरी पॅकची टेस्ट, गटाराचं पाणी आणि चिखलात दहा तास नाही. काकांना सगळ्यांनी सांगितलं चालू करू नका, चार्जर लावू नका, विम्याला फोन करा आणि टो करून डीलरकडे पाठवा. त्यांनी ऐकलं. तिथे इन्सुलेशन तपासलं, कनेक्टरमध्ये पाणी सापडलं. हे काम गल्लीतल्या गॅरेजचं नाहीच.

राहिला प्रश्न तो वॉरंटीचा, कारण डीलरकडे सगळे याच भीतीने जातात. मलाही तिथल्या अॅडव्हायझरने ऐकवलं होतं, मॅडम, बाहेर एक नट जरी उघडला तरी वॉरंटी संपली. मी शोधून वाचलं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता, स्पेअर पार्ट बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून, आणि त्याच आदेशात म्हटलंय की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढे त्यावर अपिलं झाली, पण मी त्या अॅडव्हायझरला शांतपणे एवढंच विचारलं की तुम्ही म्हणताय ते लेखी द्याल का, तर विषय तिथेच थांबला. तरी मी बाहेरच्या प्रत्येक कामाचं बिल तारखेसकट आणि किलोमीटरसकट ठेवते, आणि बुकात लिहिलेली सर्व्हिस तारखेला डीलरकडेच करते. मोठी बॅटरी हीच गाडीतली सगळ्यात महागडी गोष्ट आहे, तिच्या वॉरंटीशी खेळ नको.

म्हणून ऑफिसातल्या त्या मुलीला मी म्हटलं की डीलरची सर्व्हिस घे, पॅकेज घेऊ नकोस. तिची गाडी दिवाळीच्या आधी येईल. आमची पुढच्या महिन्यात सर्व्हिसला जाणार आहे, अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगितलंय की १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद ठेवून मोजा, लोड टेस्टचा कागद जोडा, एसओएच प्रिंट द्या, आणि चाकं उतरवाल तेव्हा मला बोलवा, मी तिथेच बसलेली असेन. आप्पा म्हणालेत मीही येतो, दोन्ही डोळ्यांनी आता स्वच्छ दिसतंय त्यांना.