कॅल्शियम दोन दिवसांत चढलं, कागद अडीच महिने अडला

गळ्याच्या ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. गलगंड होता, दोन्ही बाजूंना गाठी, गिळताना अडकायचं. थायरॉईड पूर्ण काढली, गाठी साध्या निघाल्या, तिसऱ्या दिवशी घरी. माझं डोकं फिरलं ते पुढच्या एका कागदाने.

मी ब्लाउज शिवते. घरी आले त्या रात्री बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा वाटलं सलाईनच्या सुईचं असेल. मग ओठांभोवती मुंग्या. अडीच वाजता तांब्या उचलायला गेले तर उजवा हात आपोआप आवळला. बोटं सरळ एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत. बांगड्या भरताना कासार हात दाबून जसा करतो ना, अगदी तसा. इथे कुणी दाबत नव्हतं आणि सुटतही नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, लिंबूपाणी घे. नवऱ्याने न ऐकता गाडी काढली, हे बरं केलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मुलीने बीपीचा पट्टा दंडाला बांधून फुगवला आणि तसाच ठेवून घड्याळ बघत राहिली. दोन मिनिटांत हात पुन्हा कासाराकडे! रक्तातलं कॅल्शियम ६.८, हवं साडेआठच्या वर. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, कॅल्शियमचा हिशेब त्यांच्याकडे. थायरॉईड काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावला तर त्या काही दिवस किंवा काही महिने गप्प बसतात, थोड्या जणांच्या कायमच्या. आणि कॅल्शियम सगळ्यात खाली जातं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं पेशंटला घरी पाठवतात तेव्हा. हे डिस्चार्जच्या वेळी कुणी तोंडाने सांगितलं असतं तर मी मुंग्या आल्या तेव्हाच निघाले असते. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं, अगदी सावकाश, छातीला वायरी लावून, कारण घाईत दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. दोन दिवसांत सोडलं.

हा दुसरा मुक्काम कॅशलेस झाला नाही. ३८,४०० रुपये भरले आणि नंतर क्लेम टाकला. सतरा दिवसांनी उत्तर: नामंजूर, केवळ तपासणी व निरीक्षणासाठी दाखल. असं कलम आरोग्य विम्याच्या पॉलिसीत असतंच, पण मला तर औषध चालू होतं! डिस्चार्ज कार्ड काढून वाचलं. वर लिहिलेलं, ‘अ‍ॅडमिटेड फॉर ऑब्झर्व्हेशन अँड कॅल्शियम मॉनिटरिंग’. उपचारांच्या जागी, ‘इंजेक्शन्स अ‍ॅज पर चार्ट’. तो चार्ट रेकॉर्ड विभागात.

रेकॉर्ड विभागाची खिडकी दहा ते एक. पेन सलाईनच्या नळीने बांधलेलं, त्यातली शाई संपलेली. पहिल्या दिवशी, “ताई, कार्ड सिस्टीममधून गेलं, आता बदलत नाही.” दुसऱ्या वेळी, “ज्यांनी लिहिलं त्यांचीच सही लागेल.” ज्यांनी लिहिलं त्या डॉक्टरांची मुदत संपून ते गावी गेलेले. मग सर्जनना गाठलं. ते म्हणाले, लिहून देतो, केसपेपर आणा. खिडकीवर गेले, तर केसपेपर सर्जनच्या पत्राशिवाय मिळत नाही. सर्जनची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी, खिडकीवाले शुक्रवारी ऑडिटला. एकदा सही मिळाली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब लग्नाला. त्या बाकावर बसून मी सहा ब्लाउजांना हुक लावले. सातव्याचे उलटे लागले, ते उसवताना मला रडू आलं, आणि शेजारच्या आजी समजल्या की माझं कुणीतरी गेलं.

अकराव्या फेरीला बिलिंगमधल्या एका काकांनी हाक मारली. म्हणाले, “कार्ड बदला म्हणू नका, ते कुणीच बदलणार नाही. सर्जनकडून वेगळा दाखला घ्या, आणि औषधांच्या चार्टची साक्षांकित प्रत मागा, अर्ज करून, पोच घेऊन.” वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, हेही त्यांनीच सांगितलं. क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटल भरतं, त्यात आजाराचा कोड असतो. माझ्या फॉर्मवर नुसता गलगंडाचा होता. ऑपरेशननंतर पॅराथायरॉईड कमी पडण्याला वेगळा कोड आहे, ई८९.२. सर्जननी चार ओळी लिहिल्या: हाताला आलेला पेटका, कॅल्शियम ६.८, शिरेतून औषध, घरी देणं शक्य नव्हतं. अर्जाचं नाव काढल्यावर चार्ट दुसऱ्याच दिवशी मिळाला. म्हणजे मिळत होता!

पैसे आले, हातमोजे वगैरेचे ९१२ कापून. भांडले नाही.

राहिलं म्हणजे, थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका. मी दोन्ही सकाळी एकदम गिळत होते आणि सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतं ते) १८ आलं, म्हणजे गोळी नीट लागूच पडत नव्हती. गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम जेवणाबरोबर, मध्ये किमान चार तास. मी ५ चा गजर लावते, गोळी घेते आणि परत झोपते. मुंग्या अजून अधूनमधून येतात, सहा महिन्यांनी पॅराथायरॉईडची तपासणी पुन्हा आहे. आणि हो, क्लेमला मूळ कागद जातात, परत मिळत नाहीत. प्रत्येक पानाचा, मागच्या बाजूचाही, फोटो आधी काढून ठेवा. चार्टची आकड्यांची बाजू मागेच होती.